आईची सही जुळेना

६ मार्च, गुरुवार

घर लागलं! बँकेच्या लिलावात, मोबाइलवरून, दुपारी दोन वाजून सदतीस मिनिटांनी. मी एका इस्पितळाच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये उकिडवा बसून बोली लावत होतो. समोर एकच जण उरला होता. त्यानं माघार घेतली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की खालून कुणीतरी घाबरून विचारलं, "लिफ्ट पडली की काय?"

कामावर प्रत्येक लिफ्टची नोंदवही असते. काय बिघडलं, काय बदललं, कधी पाहिलं. घराचीही ठेवावी म्हणून आजपासून ही वही. बायको म्हणाली, "आता घरालाही ग्रीस लावणार वाटतं."

घर तळमजल्याचं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं फरशीचं अंगण. कर्ज थकल्यामुळे बँकेनं जप्त केलेलं, म्हणून आमच्या आवाक्यात आलं. वीस वर्षं मी जगाच्या लिफ्ट दुरुस्त करतोय आणि माझी आई बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर अडकून पडली आहे. चौसष्ट पायऱ्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून चौदा महिने ती खाली उतरलेली नाही. खिडकीत बसते आणि रस्त्यावरची कुठली स्कूटर कुणाची ते नुसत्या आवाजावरून सांगते. मला ते बघवत नाही.

म्हणून बोली आईच्याच नावावर लावली. तिला उतारवयात स्वतःचं घर मिळावं असं मनात होतं. बायकोला आत्ता सांगितलं. "चांगलं केलंत, पण विचारायचं तरी," म्हणाली आणि मशीनवर शिवायला बसली. आनंदाच्या दिवशी कशाला विचारायचं?

८ मार्च, शनिवार

पाव रक्कम काल भरली. आमची सगळी शिल्लक त्यात गेली. वसुली विभागातल्या बाई फाईलवरून नजर न उचलता बोलतात. मान्यतेचं पत्र निघाल्यापासून पंधरा दिवसांत बाकीची रक्कम आली पाहिजे. नाही आली तर भरलेले पैसे जप्त आणि घराचा पुन्हा लिलाव. "मुदतवाढ मिळेल का?" म्हटलं. "लोक विचारतात," असं उत्तर मिळालं.

तिथून कर्ज देणाऱ्या दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या तरुण साहेबाला मी मनात 'टाय' म्हणतो, कारण त्याचा टाय त्याच्यापेक्षा लांब आहे. त्यानं आईचं वय पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "एकाहत्तर? काका, कर्ज फिटेपर्यंत एक्याण्णव होतील."

मी म्हटलं, मग घर माझ्या नावावर करून घेतो. तर म्हणे, तसं चालत नाही. लिलावात ज्याच्या नावानं बोली लागली त्याच्याच नावानं विक्रीचा दाखला निघतो, नाव बदलता येत नाही. हौसेनं केलं आणि अंगाशी आलं. शेवटी मार्ग निघाला: कर्जदार मी, घरमालक आई, आणि प्रत्येक कागदावर दोघांची सही. आईची सही तिच्या पेन्शनच्या खात्यातल्या सहीशी जुळली पाहिजे.

एवढंच ना? आई पस्तीस वर्षं टपाल खात्यात होती. तिच्या सह्यांवर लोकांच्या मनीऑर्डरी निघायच्या.

११ मार्च, मंगळवार

घर आतून पाहिलं. आधी फक्त बाहेरून पाहिलं होतं. लिलावाचं घर जसं असेल तसं घ्यायचं असतं. वसुलीच्या बाई सोबत आल्या होत्या.

जुना मालक कुटुंबासह अजून तिथेच राहतो. त्याचा छापखाना होता. नव्या मशीनसाठी घर गहाण टाकलं आणि कामं आटली. मी तोंड कडक करून गेलो होतो. तो "या, बघा" म्हणाला आणि बाजूला झाला. मागचा नळ गळतो आणि न्हाणीचं दार ओलीनं फुगतं हे त्यानंच दाखवलं. विकणारा माणूस असं सांगत नसतो. पण हा विकत कुठे होता? माझं तोंड कडक राहीना.

त्याची बायको आत खोकी बांधत होती. मुलगी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली, सोळा वर्षांची असेल. शाळेची शेवटची परीक्षा कालच सुरू झाली आहे. मला बघून ती उभी राहिली. "चालू दे अभ्यास," असं मी एखाद्या तपासनिसासारखं म्हणालो आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी त्याला पुन्हा बजावलं: बाकीचे पैसे जमा झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घराला कुलूप. त्यांना त्याच्या भावाकडे जायचंय, तीन तासांच्या अंतरावर. "ठाऊक आहे," म्हणाला. एकदाच म्हणाला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. नळ, दार, अंगण. तिनं विचारलं, "पोरीचे पेपर कुठे आहेत?"

"तिथेच जवळच्या शाळेत."

"आणि कुलूप लागल्यावर?"

"अगं, त्यांना वर्षभर नोटिसा गेल्यात. सगळं रीतसर आहे. आपण बँकेकडून घेतोय, त्यांच्याकडून नाही."

"हं," म्हणाली आणि फोटो मागितले. बाहेरच्या खोलीच्या भिंतीचा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. त्या भिंतीला ओल आहे. तिथे मुलीनं परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलंय, त्याच्याही कडा ओलीनं वर आल्यात. मी म्हटलं, "रंग काढला की ओल जाईल, काळजी करू नकोस." आईला आधीपासूनच घराच्या बाबतीत बारीक नजर.

१२ मार्च, बुधवार

मान्यतेचं पत्र आलं. मुदत २७ मार्च, दुपारी चार. टाय म्हणतो, कर्ज मंजूर आहे, फक्त करारनाम्यावर सह्या. दहा दिवस आधीच मोकळे होऊ. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी कसली घाई?" चौदा महिने अडकलेल्या माणसानं हे बोलावं!

१४ मार्च, शुक्रवार

आईच्या सह्या घेतल्या, नऊ पानांवर. तिनं चष्मा पुसला, पेन झटकून बघितलं, सावकाश सह्या केल्या. दुपारी कागद टायकडे दिले.

१७ मार्च, सोमवार

कागद परत! सही जुळत नाही. आईची खरी सही आडवी, सरळ जाते. ही डोंगर चढल्यासारखी वर वर गेली आहे, नऊच्या नऊ पानांवर. मी म्हटलं, "साहेब, म्हातारं माणूस आहे." तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटर म्हातारा नाही ना."

आईला सांगितलं. "अगंबाई," म्हणाली. "उशीवर कागद ठेवून केली, म्हणून असेल." नवा करारनामा छापायला टाकला. त्यासाठीही एक दिवस जातो.

२० मार्च, गुरुवार

परत आले! मंगळवारी पाट मांडून, पाटावर कागद ठेवून सह्या घेतल्या होत्या. मला एका मॉलमधून सारखे फोन येत होते, दोन बायका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. न बघताच कागद उचलून पळालो. आज टायनं दाखवलं. आईनं माहेरच्या नावानं सही केली आहे! लग्नाला बावन्न वर्षं झाली.

मी तिथल्याच खुर्चीवर बसलो. घराचं राहू दे, मला दुसरीच भीती वाटली. माणसं विसरायला लागतात ती अशीच. आधी आताचं जातं, मग जुनं वर येतं. संध्याकाळी आईला विचारलं, आज वार कोणता? तिनं वार सांगितला, तारीख सांगितली, आणि दूधवाल्यानं एक दिवस जास्त लावलाय तेही सांगितलं. मग म्हणाली, "तू ठीक आहेस ना रे?"

अंगठा चालेल का म्हणून टायला विचारलं होतं. चालेल, पण मग खात्यातली सही रद्द करायची, आईला स्वतः शाखेत आणायचं, दोन साक्षीदार, आठ दिवस. तेवढे दिवस आपल्याकडे आहेत कुठे?

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना घरी आणलं. त्यांना चार जिने चढून अशी धाप लागली की आईनंच त्यांना पाणी दिलं. त्यांनी तिचा हात दाबून पाहिला, बोटं मोजायला लावली, मागची पुढची वर्षं विचारली. म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. डोक्याला तर मुळीच नाही." गोळ्या मात्र लिहून दिल्या. धापेत नीट तपासलं नसणार. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

बायको मात्र निर्धास्त. ते गेल्यावर तिनं मशीनची सुई आईपुढे धरली, आणि आईनं पहिल्या झटक्यात दोरा ओवून दिला. मी म्हटलं, "बघ, काही वेळा हात चांगला असतो." बायको कपड्यात तोंड घालून हसली. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिला हसू येतंय.

२२ मार्च, शनिवार

आज मी समोर बसून सह्या घेतल्या. आईचा हात थरथरत होता. माझ्या डोळ्यांदेखत. अक्षरं नुसती लटपटली. ज्या हातानं मला पाटी गिरवायला शिकवलं तो हात. मी तो धरला आणि म्हटलं, "राहू दे, आई, दमलीस." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. "तुला फार त्रास देतेय रे मी," म्हणाली.

मी म्हटलं, "त्रास कसला? घर गेलं तर गेलं." असं म्हणालो खरं. मग जिन्यात जाऊन बसलो. पाव रक्कम म्हणजे अकरा वर्षांचा ओव्हरटाइम. आणि ती गेली तर आई खाली उतरणार कधी? मग उतरणारच नाही.

२४ मार्च, सोमवार

आज जे केलं ते कुणालाही सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो. शनिवारच्या सह्याही परत आल्या. दुपारच्या सुट्टीत मशीनरूममध्ये बसून मी आईची सही गिरवली. जुन्या देखभाल कार्डाच्या मागे. सातव्या खेपेला हुबेहूब जमली. आईपेक्षा चांगली. टायनं या खेपेला लगेच छापून दिलेला नवा करारनामा पिशवीतच होता. पेन टेकवलं.

तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली, वरचं चाक फिरलं, आणि मी दचकून हात मागे घेतला. लोक माझ्या सहीवर विश्वास ठेवून लिफ्टमध्ये पाय ठेवतात. 'तपासले, सुरक्षित', खाली माझी सही. ते कार्ड मी बारीक तुकडे करून फाडलं.

बायकोला मात्र सांगितलं, पोटात राहीना. ती रागावली नाही. म्हणाली, "बुधवारपर्यंत थांबा. बुधवारी होईल सही."

"बुधवारीच का?"

"माझं मन सांगतं."

बाईमाणसाच्या मनावर बँक कर्ज देत नाही, असं म्हणणार होतो. पण दुसरा उपाय तरी कुठला आहे?

२५ मार्च, मंगळवार

छापखानेवाल्याचा फोन आला. नंबर वसुलीच्या बाईंनी दिला असणार. मला वाटलं, वेळ मागतोय. तर म्हणाला, "पैसे जमा झाले का, एवढंच विचारायचं होतं. टेम्पोवाल्याला सांगायला." नाही म्हटलं. "बरं," म्हणाला, आणि त्याला बरं वाटलेलं मला इथे ऐकू आलं. मला राग आला. माझं नुकसान होणार म्हणून याला बरं वाटतंय! मग आठवलं, तो मला नळ दाखवत होता. माणूस तसा वाटला नव्हता.

रागारागानं ते आईला सांगितलं. तिनं विचारलं, "पोरीबद्दल काही बोलला?" नाही म्हटलं. आई सकाळपासून खिडकीत न बसता घड्याळ दिसेल अशी बसते. गोळ्यांनी चैन पडत नसावी.

२६ मार्च, बुधवार

झाली! झाली! झाली!

सकाळीच कागद पुढे ठेवले तर म्हणाली, "आत्ता नको, दुपारी बघू. दोननंतर हात सैल होतो." मी रजा टाकून बसलो होतो, वाट बघण्याशिवाय काय करणार? सव्वादोनला तिनं स्वतः हाक मारली. "आण रे."

पाट नको, उशी नको. मांडीवर पुठ्ठा घेतला आणि एकामागून एक नऊ सह्या, टपाल खात्याच्या शिक्क्यासारख्या. एकही रेघ इकडची तिकडे नाही. मी पेन झाकायचंसुद्धा विसरलो. बायको दारात उभी होती, म्हणाली, "आता पळा." पाच दिवसांच्या गोळ्यांनी असा गुण येतो! डॉक्टरांना उगाच नावं ठेवली.

चौसष्ट पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. टायनं सही कॉम्प्युटरवर लावली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा लावली. "जुळली," म्हणाला आणि खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. पोरगा चांगला आहे. टायच जरा लांब.

२७ मार्च, गुरुवार

पैसे सकाळी अकराला निघाले आणि तीन वाजेपर्यंत पोचलेच नाहीत. मी वसुलीच्या बाईंच्या टेबलापुढे उभा. खाते क्रमांकातल्या एका आकड्यावरून अडलेले निघाले. टायनं फोनवर तो दुरुस्त केला. तीन एकेचाळीसला बाईंनी पहिल्यांदा फाईलवरून नजर उचलली. "आले," म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काल त्या मुलीचा शेवटचा पेपर होता. मला वाटलं होतं, तुम्ही आधीच भराल."

मी म्हटलं, "आमचं नशीबच वाईट, कागदच तीनदा परत आले." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. वसुली विभागात चहा मिळतो हे मला माहीत नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

काल कुलूप लागलं, आज ताबा. नवी मालकीण स्वतः हजर हवी, म्हणून आईला खाली आणलं. मी आणि कामावरचा जोडीदार. तो काडीसारखा आहे म्हणून त्याला पैलवान म्हणतात. खुर्चीला दोन बांबू बांधले. पैलवान म्हणाला, "आजी, आजवर एवढी नाजूक लिफ्ट चालवली नाही." आई म्हणाली, "झटका देऊ नकोस, बटण कुठंय तेवढं सांग." तळाला पोचल्यावर तिनं पाय जमिनीवर टेकवले आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मी रडलो. लिहायला काय हरकत आहे?

छापखानेवाला सामान घेऊन काल पुढे गेला होता. त्याची बायको आणि मुलगी सह्या करायला थांबल्या होत्या. किल्ली बाईंनी घेऊन मला द्यायची असते. पण छापखानेवाल्याच्या बायकोनं ती सरळ आईच्या हातात ठेवली. तिनं आईचे हात जरा वेळ तसेच धरून ठेवले. आईनं मुलीला विचारलं, "गणित कसं गेलं?"

"बरं गेलं, आजी. शेवटचं गणित राहिलं."

"एक राहिलं तर राहू दे."

गणिताचा पेपर होता हे आईला कसं कळलं? मीच बोललो असेन.

३० मार्च, रविवार

सामान अजून यायचंय. आई नव्या घरात एकाच खुर्चीवर बसून सगळ्यांवर हुकूम सोडते आहे. मागच्या दारापर्यंत चार वेळा चालत गेली, काठी न घेता.

संध्याकाळी विजेच्या मीटरचा अर्ज तिच्यापुढे धरला. तिनं बोलता बोलता सही केली, माझ्याकडे बघत, कागदाकडे न बघता. सरळ, आडवी, ठणठणीत. मी ती सही पाहिली. मग आईकडे पाहिलं.

"आई, तुझा हात खरंच थरथरत होता?"

"शनिवारी थरथरला तो खरा," म्हणाली. "तू समोर बसला होतास ना. तुझ्याशी खोटं वागताना थरथरला."

मी फरशीवरच बसलो. म्हटलं, "आणि पैसे बुडाले असते तर? अकरा वर्षांचे?"

"सव्वीसला पेपर संपत होते, सत्तावीसला तुझी मुदत. एक दिवस हातचा ठेवला होता. सूनबाईला सांगून ठेवलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

नसतो थांबलो. रीतसर, रीतसर करत पहिल्याच दिवशी कागद नेले असते. मला रागवायचं होतं. तयारीही केली होती. पण ती अंगणाकडे बघत म्हणाली, "घरमालकानं आपल्याला बाहेर काढलं, तेव्हा तुझे पेपर चालू होते. कपाट उचलायला माणूस नव्हता. मीच म्हणाले तुला, आज नको जाऊस, पेपर पुढच्या वर्षी देता येईल. मग पुढच्या वर्षी तू कामाला लागलास. आठवतं तुला?"

"नाही गं," म्हटलं. "कधीची गोष्ट. काही आठवत नाही."

तिनं मान हलवली आणि सूनबाईला चहा टाकायला सांगितला.

आठवतं. भूमितीचा पेपर होता, सकाळी अकराचा. कपाट हातगाडीवर चढवून झालं तेव्हा घड्याळात सव्वाअकरा झाले होते, आणि मी कुणाला न सांगता शाळेपर्यंत धावत गेलो होतो.